एकट्या लाटेचा माग

(दृश्य: पैठण, डावा कालवा)
जायकवाडीचं पाणी घेऊन निघालेला हा कालवा. दगड टाकला की तरंग उठतो, पसरतो, विरतो. १८३४ साली एडिंबराजवळच्या कालव्यात मात्र जॉन स्कॉट रसेलला न विरणारी लाट दिसली. घोडे ओढत असलेली नाव अचानक थांबली आणि पुढचं पाणी एकच उंचवटा होऊन निघालं. रसेलनं घोड्यावरून मैलभराहून जास्त तिचा पाठलाग केला.

(दृश्य: कॉलेजचं आवार, पत्र्याची पन्हळ)
तीच लाट आमच्या मुलांनी उठवली. पन्हळीच्या टोकाला फळी, फळीमागे जास्त पाणी. फळी वर ओढली... बघा, उंचवटा मोडत नाही. लाट पसरू पाहते, त्याच वेळी तिचा चढ उभा होऊ पाहतो. दोन्ही ओढी बरोबरीत आल्या की सॉलिटॉन, म्हणजे आकार न मोडता धावणारी एकटी लाट, तयार होतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर समीकरण शिकवलं, तर मूल ते पाठ करत बसत नाही.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा)
आता प्रकाश. सिलिकॉन नायट्राइडच्या चिपवर जेमतेम दीड मिलिमीटर घेराचं कडं. त्यात एकाच रंगाचा अवरक्त लेझर सोडायचा. प्रकाश फिरत फिरत साठतो आणि इतका तीव्र होतो की पदार्थाचा अपवर्तनांकच, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती मंदावतो ते माप, बदलतो. हा केर परिणाम. कड्यातला प्रकाश कसा वागतो हे सांगणारं लुजियातो-लेफेव्हर समीकरण मुलांनी साध्या लॅपटॉपवर चालवलंय. लेझरची वारंवारता हळूहळू उतरवली: आधी नुसता गोंधळ, मग इथं, कड्यातल्या प्रकाशाचा आलेख एकदम पायरी उतरला आणि कड्यात प्रकाशाचा एकच स्पंद उरला, हाच प्रकाशाचा सॉलिटॉन. वाटेत गळणारा प्रकाश लेझर भरून काढत राहतो.

खऱ्या चिपवर ही पायरी फार निसरडी. आतला प्रकाश घटला की चिप गार होते, अनुनाद, म्हणजे कड्याशी जुळणारी वारंवारता, सरकतो, स्पंद जातो. म्हणून लेझर किती वेगानं सरकवायचा, यातच सगळं कसब. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी आधी मॅग्नेशियम फ्लोराइडच्या स्फटिकात हे साधलं, त्यांचा निबंध २०१४ चा. चिपची पाळी नंतर आली.

(दृश्य: पैठणीचा माग)
स्पंद सेकंदाला शंभर अब्जांच्या घरात फेऱ्या मारतो. दर फेरीला थोडा प्रकाश बाहेर पडतो. त्याच्या वर्णपटात मागाच्या फणीसारख्या समान अंतरावरच्या रेषा उमटतात.

घड्याळं, ताऱ्यांचे वर्णपट, संदेशवहन, सगळीकडे ही फणी लागते. २०१७ मध्ये अशा दोन फण्यांनी सेकंदाला ५० टेराबिटहून जास्त माहिती पाठवली.

(दृश्य: औंढा नागनाथचा रस्ता)
इकडे लेझरनं गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होते आहे. लेझर जाणणारी माणसं इथूनच घडायला हवीत. पन्हळीला पत्रा, फळी आणि पाणी लागतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेनं बोलवावं, आम्ही ती घेऊन येऊ.