तंबाखूच्या पानाचं दुसरं दप्तर

(दृश्य : निपाणीचं शिवार. कापून रानात पसरलेली तंबाखू.)

थंडी सरत आली की निपाणीच्या रानात तंबाखू अशी जमिनीवर वाळत पडलेली दिसते. कापली तेव्हा गर्द हिरवी, मग पिवळट, मग तपकिरी. व्यापारी येतो तो हा शेवटचा रंग बघायला. पान हातात घेऊन वास बघतो नि दर बोलतो. हिरव्याला इथं कुणी विचारत नाही. आम्ही मात्र त्या उडून गेलेल्या हिरव्याच्या मागावर निघालोय.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली हायड्रिलाचं पान.)

हिरवा रंग पानभर सारखा भिनलेला नसतो. विहिरीत, तळ्यात वाढणाऱ्या या हायड्रिलाचं पान इतकं पातळ असतं, की ते कापायचीही गरज पडत नाही. विटा रचाव्यात तशा पेशी, आणि त्यांच्यात कडेकडेनं फिरणारे हिरवे दाणे. हेच हरितलवक. एकेक दाणा मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढा. एरंडाच्या पानात एका चौरस मिलिमीटरला असे सुमारे 4 लाख दाणे मोजले गेलेत. ऊन कोवळं असलं, तर हरितलवक पेशीच्या दर्शनी बाजूला पसरतात; ऊन तापलं, की कडेच्या भिंतींना जाऊन उभे राहतात. पारावर बसलेली माणसं सावली बघून सरकतात, तसंच काहीसं.

(दृश्य : परसातली गुलबक्षी, संध्याकाळ.)

या दाण्यांचा वारसा कुणाकडून येतो? उत्तर गुलबक्षीनं दिलं. आपल्या परसात दिवेलागणीला फुलते, तीच. 1909 मध्ये जर्मनीत कार्ल कोरेन्स यांनी पांढरे-हिरवे पट्टे असलेल्या पानांची गुलबक्षी घेतली. तिच्या काही फांद्या साफ हिरव्या, काही साफ पांढऱ्या. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पांढऱ्या फांदीवरचे पराग लावले, तर रोपं हिरवी आली. उलट केलं, तर पांढरी, आणि ती बिचारी जगेनात. पराग कुठल्या फांदीचे, यानं काहीच फरक पडला नाही. बी ज्या फांदीवर धरलं, तिचाच रंग रोपाला. शेताचा उतारा आपल्याकडे बापाच्या नावावरून पुढं सरकतो. बहुतेक फुलझाडांत हरितलवक मात्र आईकडून येतो.

तो मुळात पेशीतला नव्हेच, असं रशियातल्या कॉन्स्टँटिन मेरेश्कोव्स्की यांनी 1905 मध्येच लिहून ठेवलं होतं. प्रकाशावर जगणारा एक सूक्ष्म जीवाणू कधीकाळी मोठ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला, असा त्यांचा तर्क. तो फार कुणी मनावर घेतला नाही. 1967 मध्ये अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी तोच विचार पुन्हा मांडला, तेव्हा एक मोठा पुरावा हाताशी होता : हरितलवकात स्वतःचा डीएनए सापडला होता. म्हणजे पाहुणा आला तो आपलं दप्तर बरोबर घेऊन.

(दृश्य : तंबाखूचं हिरवं उभं पीक.)

हे दप्तर पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचलं गेलं ते 1986 मध्ये, जपानमध्ये. त्या वर्षी तिथल्या दोन गटांनी दोन वनस्पतींवर हे काम पुरं केलं. त्यातल्या नागोयाच्या मासाहिरो सुगिउरा यांच्या गटानं निवडलेली वनस्पती होती तंबाखू. अक्षरं भरली सुमारे 1 लाख 56 हजार. तंबाखूच का? तर पान मोठं, आणि पानाचा तुकडा काचेच्या बशीत नीट पोसला, तर त्यातून अख्खं झाड उभं राहतं. आपल्याकडे ती विडीत जाते. तिकडं ती प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आहे.

पण या दप्तरात जनुकं निघाली जेमतेम शंभर-सव्वाशे, आणि हरितलवकाला लागणारी प्रथिनं काही हजार. बाकीचे कागद केव्हाच पेशीच्या केंद्रकात जमा झालेत. हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को घ्या. त्याचा मोठा भाग लवकाच्या दप्तरावरून बनतो, लहान भाग केंद्रकाच्या. दोन्ही जुळले तरच काम चालतं. 1972 मध्ये कॅलिफोर्नियात सॅम वाइल्डमन यांच्या प्रयोगशाळेत हे कळलं, तेही तंबाखूच्याच संकरांवरून. घरची भाषा एक, कचेरीची दुसरी, आणि रोजचा व्यवहार दोन्हींत. आम्हा सीमाभागातल्या लोकांना रुबिस्को वेगळं समजावून सांगायला नको.

(दृश्य : चिकोडीकडचा ऊस.)

उसाची गोष्ट आणखी निराळी. हवेतला कार्बन आधी तीन कार्बनच्या रेणूत बांधला जातो, असं मेल्विन कॅल्विन यांच्या गटानं दाखवलं होतं; 1961 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. ऊस मात्र ऐकेना. हवाईतल्या ऊस संशोधकांना पहिला रेणू चार कार्बनचा दिसत होता. ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये त्याचा उलगडा सुरू केला. उसाच्या पानात हरितलवक दोन तऱ्हेचे. बाहेरचे कार्बन पकडून आत पाठवतात. शिरांभोवतीच्या कड्यातले त्याची साखर करतात. मका, जोंधळाही याच जातकुळीतले. खानापूरचा भात नाही. भातात ही युक्ती बसवायचा प्रयत्न 2008 च्या सुमारास जगभरच्या संशोधकांनी हाती घेतला. शेतात पेरता येईल असं बियाणं अजून त्यातून निघालेलं नाही.

(दृश्य : भाद्रपद. लावणीनंतर सावरलेली तंबाखू, वर ढग.)

कडक उन्हात हरितलवकाला झेपेना इतका प्रकाश मिळतो. जास्तीचा तो उष्णतेच्या रूपानं सोडून देतो. कुकरची शिट्टीच म्हणा. ढग आला, की ही शिट्टी लगेच बंद व्हायला हवी. ती होत नाही. कित्येक मिनिटं कामाचा प्रकाशही वाया जात राहतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये तीन जनुकांचं काम वाढवून हा वेळ कमी केला, तेव्हा शेतातली झाडं सुमारे 15 टक्के जास्त भरली. पीक कुठलं, हे आता सांगायला नकोच.

तवंदी घाटाकडून एक ढग येतोय. सावली बांधावर चढली, सरीत उतरली, पानांवरून पुढं गेली. पानाच्या आत ती शिट्टी अजून चालूच आहे.