एका वेळेला किती? पाकिटामागच्या तक्त्याची गोष्ट

(दृश्य: स्वयंपाकघरातला ओटा. पिवळट भुकटीचा डबा आणि चमचा. कॅमेरा डब्याच्या मागच्या बाजूवरच्या बारीक अक्षरांवर स्थिरावतो.)

एप्रिल 2023. ‘फूडफार्मर’ या नावाने व्हिडिओ करणाऱ्या रेवंत हिमतसिंगका यांनी बॉर्नव्हिटामधल्या साखरेवर एक छोटा व्हिडिओ केला. लाखो लोकांनी तो पाहिला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली आणि व्हिडिओ काढून टाकावा लागला. या वादात कंपनीने आपली बाजू मांडताना एक आकडा सांगितला होता: 20 ग्रॅमच्या एका सर्व्हमध्ये वरून घातलेली साखर साडेसात ग्रॅम, म्हणजे अंदाजे दीड चमचा. मुलांसाठीच्या रोजच्या मर्यादेपेक्षा ही बरीच कमी आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं.

आता हाच आकडा 100 ग्रॅमवर नेऊन बघा. 20 ग्रॅमला साडेसात, तर 100 ग्रॅमला साडेसदतीस. म्हणजे त्या वेळच्या भुकटीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसती वरून घातलेली साखर.

डबा तोच, साखर तीच. ‘दीड चमचा’ ऐकणारी आई निर्धास्त होते आणि ‘एक तृतीयांश’ ऐकणारी आई हातातला चमचा खाली ठेवते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांच्यात फरक पाडला तो एका छोट्या शब्दाने: सर्व्ह.

(दृश्य: किराणा दुकानातली मांडणी. फरसाण, बिस्किटांचे पुडे, शीतपेयांच्या बाटल्या.)

सर्व्ह म्हणजे एका वेळेला खाल्लं जाणारं प्रमाण. भारतात पाकिटावर काय छापायचं ते एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, ठरवतं. त्यांचे लेबलिंगचे सध्याचे नियम 2020 सालचे. त्यांनुसार पोषणाचे आकडे 100 ग्रॅममागे, 100 मिलिलीटरमागे किंवा एका वेळेत संपणाऱ्या पाकिटामागे द्यावे लागतात. त्याशिवाय आणखी एक रकाना असतो. एक सर्व्ह खाल्लं तर दिवसभराच्या गरजेचा किती टक्के वाटा पोटात जातो, ते त्यात लिहायचं. दिवसभराची गरज धरली आहे ती सरासरी प्रौढ माणसाची: 2000 किलोकॅलरी, चरबी 67 ग्रॅम, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम, सोडियम 2000 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ.

पण सर्व्ह केवढं धरायचं? नियमातल्या व्याख्येत दोन वाटा आहेत. लोक एका वेळेला साधारण जेवढं खातात तेवढं, किंवा लेबलवर जेवढं सांगितलं असेल तेवढं. या ‘किंवा’पाशीच सगळं सैल होतं. फरसाणाचं सर्व्ह इतकं, बिस्किटांचं इतकं, अशी बांधून दिलेली यादी त्यात नाही. प्रमाण कंपनीने ठरवायचं आणि टक्केही त्याच प्रमाणावर काढायचे.

आपल्या बाजारात दुकानदाराच्या वजनकाट्यावर सरकारी शिक्का लागतो. पाकिटावर 200 ग्रॅम लिहिलं आणि आत 190 भरलं, तर वैध मापनशास्त्र विभाग दंड करू शकतो. एवढं चोख माप ज्या पाकिटाचं घेतलं जातं, त्याच्याच मागच्या बाजूला ‘एका वेळेला 20 ग्रॅम’ हे माप मात्र कुणीही न तपासता छापून येतं. हे मला मान्य होत नाही.

(दृश्य: वजनकाटा. त्यावर रिकामी वाटी. शेव हळूहळू ओतली जाते.)

हिशोब एकदा मांडूनच बघू. समजा, शेवेचं 200 ग्रॅमचं पाकीट आहे. 100 ग्रॅममध्ये चरबी 36 ग्रॅम आणि सोडियम 900 मिलिग्रॅम. हे आकडे आपण उदाहरणासाठी घेतलेत, पण तळलेल्या खारट पदार्थांच्या पाकिटावर असे आकडे नवलाचे नाहीत. सर्व्ह 20 ग्रॅमचं. मग तक्ता सांगतो: सोडियम 9 टक्के, चरबी 11 टक्के. वाचून वाटतं, दिवसाच्या मानाने हे किरकोळच.

आता आपली वाटी घ्या. पाहुणे आले, चहाबरोबर बशीत शेव आली, गप्पा रंगल्या, हात बशीकडे जात राहिला. समजा 60 ग्रॅम पोटात गेली. सोडियम 27 टक्के, चरबी 32 टक्के. आणि रात्री टीव्हीसमोर बसून कुणी अर्धं पाकीट संपवलं, तर सोडियम 45 टक्के आणि चरबी निम्म्याहून जास्त. आमटी, भाजी, लोणचं, पापड यांतलं मीठ अजून मोजलेलंच नाही.

बरं, 20 ग्रॅम म्हणजे किती, हे घरात कुणाला ठाऊक असतं? आपण मूठ, वाटी, डाव, चमचा या मापांनी खातो. सर्व्ह ग्रॅममध्ये देऊन सोबत चमचा, वाटी असं घरगुती मापही छापायची मुभा नियमांत आहे. ती सक्ती झाली, तर निदान खाणाऱ्याला अंदाज येईल. लेबलची भाषा हा आणखी एक अडसर. इंग्रजी किंवा देवनागरीत हिंदी बंधनकारक आहे, बाकीच्या भाषा ऐच्छिक. गावातल्या आजीने नातवासाठी घेतलेल्या पुड्यावरचा तक्ता बहुतेक वेळा इंग्रजीतच असतो, आणि तोही बारीक टाइपात.

(दृश्य: शाळेतून आलेलं मूल दुधाचा पेला हातात घेतं.)

आता मुलांकडे वळू, कारण मला सगळ्यात जास्त काळजी या रकान्याची वाटते. टक्के प्रौढाच्या 2000 किलोकॅलरींवर काढलेले असतात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2020 च्या शिफारशींनुसार 4 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1360 किलोकॅलरी पुरतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. या वयाच्या मुलाचे 10 टक्के म्हणजे 136 किलोकॅलरी, म्हणजेच 34 ग्रॅम साखर. बॉर्नव्हिटाच्या त्या साडेसात ग्रॅमचा हिशोब प्रौढाच्या 50 ग्रॅमवर केला तर 15 टक्के येतात, 34 वर केला तर 22. सकाळ-संध्याकाळ दोन पेले झाले, की 44. आणि मुलाने हट्ट केला म्हणून चमचा शिगोशीग भरला, तर तो 20 ग्रॅमचा हिशोबही मोडतो.

एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बॉर्नव्हिटासह अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या विभागातून काढायला सांगितली. नावाचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला. सर्व्हचा प्रश्न तसाच राहिला.

(दृश्य: अमेरिकेतलं सुपरमार्केट, काळ्या-पांढऱ्या चौकटीतला पोषणतक्ता.)

अमेरिकेने हा गुंता फार आधी हातात घेतला. तिथे 1990 साली कायदा झाला आणि 1994 पासून पाकिटांवर तक्ता सक्तीचा झाला. त्यात एक गोष्ट नेमकी केली होती: लोकांनी किती खावं ते बाजूला ठेवून लोक खरोखर किती खातात त्यावर प्रमाण ठरवायचं, आणि ते सरकारने ठरवायचं. आधार होता 1977-78 आणि 1987-88 मधल्या आहार-पाहण्यांचा.

तरी पळवाटा निघाल्याच. एका टिक टॅक गोळीचं वजन 0.49 ग्रॅम. सर्व्ह म्हणजे एक गोळी. अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शून्य लिहायला परवानगी. त्यामुळे जवळपास सगळी साखरच असलेल्या गोळीच्या डबीवर साखर शून्य! तव्यावर फवारायच्या तेलाचंही तसंच. सर्व्ह म्हणजे पाव सेकंदाचा फवारा, आणि चरबी शून्य. पाव सेकंदात तव्याची कडसुद्धा ओली होत नाही.

या बाबतीत आपले नियम अधिक कडक आहेत, हे आवर्जून सांगायला हवं. ‘शुगर फ्री’ म्हणायचं असेल तर आपल्याकडे 100 ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही. गोळी कितीही लहान करा, 100 ग्रॅम हे 100 ग्रॅमच राहतात.

2016 मध्ये अमेरिकेने प्रमाणं सुधारली, कारण वीस वर्षांत लोकांचं खाणं बदललं होतं. आइस्क्रीमचं प्रमाण अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर गेलं, शीतपेयाचं 8 औंसांवरून 12 औंसांवर. दह्याचं मात्र 8 वरून 6 वर आलं. 20 औंसांची बाटली, जी माणूस एका बैठकीत संपवतो, ती ‘अडीच सर्व्ह’ म्हणून विकायची सोय बंद झाली. आख्खी बाटली म्हणजे एक सर्व्ह. काहींनी याचा अर्थ उलटाच काढला, की सरकार जास्त आइस्क्रीम खायला सांगतंय. हा गैरसमज आपल्याकडेही आहे. सर्व्ह हा आहारतज्ज्ञाचा सल्ला नव्हे. ‘सर्व्ह साइज 30 ग्रॅम’ याचा अर्थ 30 ग्रॅम खाणं चांगलं असा होत नाही.

(दृश्य: दोन पाकिटं शेजारी शेजारी. बोट 100 ग्रॅमच्या रकान्यावर फिरतं.)

दुकानात उभं असताना मग बघायचं काय? दोन पाकिटांची तुलना करायची असेल तर फक्त 100 ग्रॅमचा रकाना. एका कंपनीचं सर्व्ह 15 ग्रॅमचं आणि दुसरीचं 30 चं असेल, तर टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पाकिटात एकूण किती सर्व्ह आहेत तेही बघा, आणि आपल्या घरी ते पाकीट किती जणांत, किती वेळात संपतं त्याने गुणा. मिठासाठी सोडियमला अडीचने गुणायचं. 900 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. एकदा घरच्या वाटीत चिवडा भरून वजन करून ठेवा, नंतर अंदाज चुकत नाही.

पण सगळा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. टपरीवर घाईत पुडा घेणारा माणूस गुणाकार करत बसणार नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही योग्य नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर साखर, मीठ, चरबीची ठळक सूचना असावी का, याचा वाद आपल्याकडे बरीच वर्षं चालू आहे. 2022 मध्ये एफएसएसएआयने ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला. जुलै 2024 मध्ये हे आकडे मोठ्या, ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं.

या चर्चेत रंग कोणता, तारे की शिक्का, यावर खूप बोललं जातं. माप कोणतं, यावर फार कमी. चिलीने 2016 पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले, आणि ते ठरवले 100 ग्रॅम व 100 मिलिलीटरवर. म्हणून तिथे सर्व्ह लहान करून शिक्का टाळता येत नाही. आपल्याकडे दर्शनी सूचना येईल तेव्हा ती 100 ग्रॅमवरच ठरावी. मागच्या तक्त्यातल्या टक्क्यांसाठी सर्व्हची यादी प्राधिकरणाने स्वतः करावी, भारतीय घरांत लोक खरोखर किती खातात ते मोजून. आणि मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावरचे टक्के मुलांच्या गरजेवर काढलेले असावेत.