लिग्नाइट आधी वाळवू नका! तपकिरी कोळसा, धातूचे कॅटॅलिस्ट आणि तुमचे प्रश्न

नमस्कार मंडळी. जांभ्याखालच्या काळ्या मातीचा विषय निघाल्यापासून कमेंटमध्ये दोन प्रश्न थांबायचं नाव घेत नाहीत. पहिला राजापूर, पावस, देवगडकडचा: "विहीर खणताना काळे तुकडे निघाले, कोळसाच ना? गॅस करता येईल का?" दुसरा एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांचा: "लिग्नाइटवर निकेल चढवलं, वाफ सोडली, तरी रिअॅक्शन पुढे सरकत नाही. काय चुकलं?" पहिल्याचं उत्तर लवकर संपेल. दुसऱ्यावर मात्र आज बराच वेळ बसायचंय, कारण दहातल्या नऊ जणांचं एकाच ठिकाणी अडतंय.

मूळ गोष्टी भराभर उरकू. लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा. झाडपाल्याचा कोळसा होण्याची वाट त्याने अर्धीच चाललेली असते. पाणी भरपूर: तमिळनाडूतल्या नेयवेलीच्या लिग्नाइटमध्ये खाणीतून निघताना वजनाच्या निम्म्याच्या आसपास, तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, लॅट्रोब खोऱ्यात, ६० टक्क्यांच्याही वर. म्हणून हा माल खाणीच्या तोंडाशीच जाळतात किंवा वापरतात. जयगडच्या वीजकेंद्राला कोळसा जहाजाने येतो ते परवडतं, पण निम्मं पाणी असलेला माल बोटीत भरून कोण आणणार? शिवाय अर्धवट वाळलेला लिग्नाइट ढिगात पडून राहिला की हवेतला ऑक्सिजन शोषून आतून तापतो आणि पेटही घेतो.

गॅसिफिकेशन म्हणजे कार्बनवर वाफ सोडायची आणि कार्बन मोनॉक्साइड अधिक हायड्रोजन मिळवायचा. एका मोल कार्बनमागे सुमारे १३१ किलोज्यूल उष्णता बाहेरून द्यावी लागते. कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, नसेल तर कामाचा वेग मिळायला साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअस लागतात. कॅल्शियम नीट बसवलं की ७०० च्या खाली काम होतं, निकेल नीट बसलं की ५०० ते ६०० मध्ये. कॅटॅलिस्ट ती १३१ किलोज्यूल आणून देत नाही, समतोलही हलवत नाही. तो वेग वाढवतो, एवढंच. "कॅटॅलिस्ट टाकला की हलका कोळसा भारी होतो का?" असं विचारणाऱ्यांसाठी: नाही. राख तेवढीच, पाणी तेवढंच, उष्मांक तेवढाच.

आता मुद्द्यावर येऊ.

[स्क्रीनवर: लिग्नाइटच्या कणाचा छेद, छिद्रांच्या भिंतींवर कार्बोक्सिल गट]

लिग्नाइटच्या आत कार्बोक्सिल गट असतात, म्हणजे आम्लाचे गट. दगडी कोळशात ते जवळपास संपलेले असतात, इथे शिल्लक आहेत. प्रत्येक गटावर एक हायड्रोजन, आणि तो सोडून धातूचा आयन धरायची त्याची तयारी असते. याला आयन एक्स्चेंज म्हणतात. असा बसलेला धातू जवळपास एकेक अणू सुटा बसतो. ही सोय लिग्नाइटला निसर्गाने दिलेली आहे, आणि आपली मंडळी पहिल्याच पायरीवर ती घालवतात. कशी? नमुना आला की तो ओव्हनमध्ये ११० अंशांवर रात्रभर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी निकेल नायट्रेटच्या द्रावणात टाकतात.

हे करू नका. मनापासून सांगतोय, करू नका.

ओला लिग्नाइट हा जेलसारखा पदार्थ आहे. त्याची छिद्रं पाण्यानेच उघडी धरलेली असतात. पाणी काढलं की भिंती आत ओढल्या जातात, एकमेकींना चिकटतात, कण आकसतो. परत भिजवलं तर थोडा फुगतो, पण पहिल्यासारखा कधीच होत नाही. सुका बोंबील कितीही भिजवा, त्याचा ओला बोंबील होतो का? आतले कार्बोक्सिल गट कुठे गेलेले नसतात, पण धातूला त्यांच्यापर्यंत पोचायची वाट बंद झालेली असते. मग निकेल कुठे बसतं? कणाच्या बाहेर, साल धरावी तसं.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "पण न वाळवता वजन कसं धरायचं? ओलावा तर रोज बदलतो." बरोबर आहे, म्हणून त्याच डब्यातून २-३ ग्रॅम वेगळे काढा, नायट्रोजनमध्ये १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, ओलाव्याचा टक्का काढा आणि तो नमुना फेकून द्या. मुख्य माल ओलाच, हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये. ओलावा ५५ टक्के निघाला तर १०० ग्रॅम ओल्या मालात कोरडा माल ४५ ग्रॅम. पुढचा सगळा हिशेब या ४५ वर.

आणखी एका बाजूने बघू, म्हणजे शंका राहणार नाही. तुमच्या एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या चाचणीच्या आलेखात, निकेलचा पीक (आलेखाचं वर चढलेलं टोक) बघा. तांब्याच्या क्ष-किरण ट्यूबवर तो ४४.५ अंशांच्या आसपास येतो. ओल्या मालावर एक्स्चेंज करून नायट्रोजनमध्ये ५०० अंशांपर्यंत तापवलेला नमुना असेल तर तो पीक बुटका आणि पसरट दिसतो, म्हणजे निकेलचे कण अगदी बारीक आहेत. वाळवून मग भिजवलेल्या नमुन्याचा पीक उंच आणि टोकदार येतो. कण मोठे झाले, निकेलचं वजन तेवढंच राहिलं, पण कार्बनला टेकणारा पृष्ठभाग कितीतरी घटला. "रिअॅक्शन पुढे सरकत नाही" ही तक्रार इथून येते. वाफेत, तापमानात किंवा नळीत दोष शोधत बसायची गरज नाही.

जपानच्या तोहोकू विद्यापीठात तोमिता आणि ओत्सुका यांनी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या यालूर्न लिग्नाइटवर हे काम केलं. अमोनियायुक्त द्रावणातून निकेल बसवून त्यांनी ५०० अंशांच्या आसपास वाफेचं गॅसिफिकेशन चालवून दाखवलं. त्यांचं मर्म निकेल किती घातलं यात नव्हतं, ते कसं बसवलं यात होतं.

आता कृती. ओला लिग्नाइट ओलाच कुटा, १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात काही तास ढवळा, म्हणजे निसर्गाने आधीच बसवलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम निघून जाईल आणि गट मोकळे होतील. मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा. कुठवर? धुऊन निघालेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पांढुरकं दिसेनासं होईपर्यंत, म्हणजे आम्लातलं क्लोराइड निघून गेलं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातलं कॅल्शियम लगेच जागा धरतं.

मग निकेल. कार्बोक्सिल गट कोरड्या ग्रॅमला २ मिलिमोल धरले तर ४५ ग्रॅममध्ये ९० मिलिमोल. निकेलच्या एका आयनला दोन गट लागतात, म्हणजे जास्तीत जास्त ४५ मिलिमोल निकेल, वजनात २.६ ग्रॅम, कोरड्या मालाच्या ६ टक्क्यांच्या जरा आत. ५ टक्के हवं असेल तर २.२५ ग्रॅम निकेल, त्यासाठी सहा पाण्याचं (हेक्साहायड्रेट) निकेल नायट्रेट सुमारे ११ ग्रॅम. ते अर्धा लिटर पाण्यात विरघळवून लिग्नाइट टाका आणि २४ तास हलतं ठेवा. धातूचा प्रत्येक आयन बसताना आम्ल बाहेर पडतं, पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ३ कडे घसरतो आणि एक्स्चेंज अडतं. म्हणून पातळ अमोनिया थेंबाथेंबाने घालून पीएच ६ च्या आसपास धरून ठेवा. नुसता अल्कली ओतून ८ च्या वर नेलात तर निकेल हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ बसेल, आणि तुम्हाला वाटेल की धातू लिग्नाइटमध्ये गेला. गाळणी चहासारखी तपकिरी आली तर ह्युमिक आम्लं, म्हणजे लिग्नाइटचाच तपकिरी भाग, विरघळून चालली आहेत, पीएच खाली आणा.

अमोनियाचं पुरेसं द्रावण वापरून निकेल विरघळलेलं ठेवता आलं तर पीएच चढवता येतो. मग फिनॉलचे गटही (लिग्नाइटमधलेच, पण जास्त सौम्य आम्लाचे) मदतीला येतात आणि ६ टक्क्यांची मर्यादा ओलांडता येते. पण साध्या नायट्रेटने "२० टक्के निकेल एक्स्चेंज केलं" असं कुणी लिहिलं तर समजा, निकेलचं बरंचसं मीठ (क्षार) नुसतं वर बसलंय. आणि कृपा करून "५ टक्के निकेल" एवढंच लिहून थांबू नका. कशाच्या ५ टक्के? ओल्या मालाच्या, कोरड्या मालाच्या, की राख वगळून? या एका शब्दावाचून दोन प्रयोगांची तुलनाच होत नाही.

शेवटचं धुणं डायमिथिल ग्लायॉक्झाइमने तपासा. अमोनिया घातलेल्या पाण्यात गुलाबी-लाल रंग आला तर मोकळं निकेल अजून आहे, आणखी धुवा. हे फक्त शुद्धतेसाठी नाही. नायट्रेट शिल्लक राहिलं आणि तुम्ही वाळवायला ठेवलं तर ऑक्सिडायझर (ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) आणि कोळसा एकाच भांड्यात आहेत, तापवताना ते पेट घेऊ शकतं. आता मात्र वाळवा. धातू जागेवर बसलाय, आकसलं तरी चालेल. नायट्रोजनमध्ये किंवा व्हॅक्युममध्ये, ६० ते १०० अंशांवर.

लोखंड वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. फेरिक (तीन धन भारांचा लोखंडाचा) आयन पीएच ३ च्या वर गेला की हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतो, म्हणून तो आम्लातच ठेवावा लागतो, आणि आम्लात कार्बोक्सिल गट हायड्रोजन सोडायला नाखूश. फेरस (दोन धन भारांचं) घेतलं तर हवा वर्ज्य, नाहीतर त्याचं फेरिक होतं. कॅल्शियम सगळ्यांत सोपं: कॅल्शियम अॅसिटेटचं द्रावण, पीएच ८ च्या आसपास. स्वस्त, विषारी नाही. पहिला प्रोजेक्ट असेल तर कॅल्शियमनेच सुरुवात करा, हे माझं ठाम मत आहे.

निकेलची पावडर आणि क्षार श्वासात जाणं घातक, हातमोजे आणि फ्यूमहूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) हवंच. पण त्याहून मोठी गोष्ट: प्रयोग संपल्यावर भट्टी कार्बन मोनॉक्साइडच्या वायूतच थंड होऊ देऊ नका. २०० अंशांच्या खाली बारीक निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड मिळून निकेल कार्बोनिल होतं. ते अत्यंत विषारी आहे. तापमान २५० च्या वर असतानाच नायट्रोजन चालू करा आणि नळी पूर्ण धुऊन निघू द्या. थंड झालेला चार (उरलेला कोळसा) थेट हवेत काढलात तर ठिणग्या धरेल, आधी १ टक्का ऑक्सिजन मिसळलेला नायट्रोजन हळूहळू सोडा.

आता विहिरीवाल्यांकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या खाली निळसर-काळी माती लागते, तिच्यात पानाफांद्यांचे कोळसलेले पातळ थर असतात, कधी पिवळट राळेचे खडेही. हो, तो लिग्नाइटच आहे. पण थर पातळ, माती भरपूर, आणि सोबत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक. तुकडा उघड्यावर ठेवलात तर काही दिवसांत त्यावर पांढरी-पिवळी भुकटी येते, तो फुटतो, शेजारचं पाणी आंबट होतं. पायराइट हवेने आणि ओलाव्याने सडून गंधकाम्ल सुटतं. हे चुलीत घालू नका, गंधकाचा धूर घरात कोंडतो.

कॅटॅलिस्टच्या बाजूनेही हा माल अवघड. तापवल्यावर हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो निकेलचा वैरी. एवढासा असला तरी पृष्ठभाग धरून बसतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये ग्रेट प्लेन्स प्रकल्प १९८४ पासून लिग्नाइटचा कृत्रिम नैसर्गिक वायू करतोय. तिथेही गंधक काढायला गॅस आधी थंड मिथेनॉलने धुतात आणि मगच निकेलवर नेऊन मिथेन करतात. एका प्रेक्षकाने विचारलं होतं, "मग गंधक चालणारा धातू नाहीच का?" आहे ना. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून हायड्रोजन वाढवायला कोबाल्ट-मॉलिब्डेनम वापरतात, त्याला तर गंधक लागतंच, सल्फाइड रूपातच ते काम करतं. लिग्नाइटचं हायड्रोजन दाबाखाली तेल करताना लोखंडही सल्फाइड होऊनच कामाला लागतं. जर्मनीत लॉयना इथे १९२७ मध्ये तपकिरी कोळशापासून पेट्रोल सुरू झालं ते याच घराण्यातल्या रसायनावर.

"पोटॅशियम कार्बोनेट घातलं तर?" कॅटॅलिस्ट म्हणून उत्तम, पण आपल्या या मालात केओलिनची (चिनी मातीच्या जातीची) माती आहे. गरम झाल्यावर पोटॅशियम तिच्याशी जुळून अॅल्युमिनोसिलिकेट होतं आणि पुन्हा कामाला येत नाही. आधी माती वेगळी काढा, नाहीतर पोटॅशियम मातीलाच जाईल. भाताच्या तुसाचंही तसंच, त्याच्या राखेत बहुतांश सिलिका, पोटॅशियम तिलाच चिकटतं.

आणि नारळाच्या करवंटीचा कोळसा विचारणाऱ्यांनो, तो स्वच्छ आहे, गंधक नगण्य, मिळतोही दारात. पण तापवून केलेल्या कोळशात कार्बोक्सिल गट जवळपास उरत नाहीत, त्यामुळे वरची एक्स्चेंजची कृती त्याला लागू नाही. तिथे द्रावण मुरवून वाळवणं एवढाच मार्ग, आणि निकेलचे कण मोठे येणार हे धरूनच चाला. करवंटीत मुळातच थोडं पोटॅशियम असतं, त्यामुळे निकेल न घालता केलेला कोरा प्रयोग आधी लावा, नाहीतर पोटॅशियमचं श्रेय निकेलला जाईल.

प्रश्न टाकताना एवढं लिहा: लिग्नाइट कुठला, ओलावा किती, वाळवून घेतला की ओला, मीठ कुठलं, शेवटचा पीएच किती होता आणि टक्का कशाच्या हिशेबाने. या सहा गोष्टी असल्या की उत्तर नेमकं देता येतं.