पान सुटतं कुठून?

(पाचोळ्यातून चालणाऱ्या पावलांचा आवाज. पाच सेकंद निवेदन नाही.)

अर्धा तास झाला, पानगळीच्या दिवसांत झाडांखाली आलेली ही शाळेतली मुलं शंभर पावलंसुद्धा पुढे सरकलेली नाहीत. सरकूही नयेत. बाईंनी एकच काम दिलंय: आवडलेलं पान उचला आणि त्याचं झाड शोधा.

(पिवळी आणि लाल पानं, जवळून.)

हा पिवळा रंग उन्हाळाभर पानातच होता, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले, हरितद्रव्य विरलं, तेव्हा तो दिसू लागला. मॅपलचा लाल मात्र नवा. पानातल्या साखरेच्या मदतीनं याच दिवसांत तयार झालेला.

(फांदीवरचा व्रण. भिंगातून.)

वाऱ्यानं पानं तुटतात, असं मुलं निघताना म्हणत होती. हा व्रण बघा. कुठंही फाटलेलं नाही. झाडानं पानातलं नत्र आणि स्फुरद बरंचसं आधीच काढून घेतलं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार झाला आणि पान तिथूनच सुटलं. वारा आला तो अगदी शेवटी. हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या फांदीवर हा व्रण घोड्याच्या नालेसारखा दिसतो, खिळ्यांसकट. ते खिळे म्हणजे पानात पाणी नेणाऱ्या नळ्यांच्या खुणा.

आणि व्रणाच्या लगेच वर, कळी. वसंतात उमलायची पानं आत्ताच तिच्यात घड्या घालून बसली आहेत. ही कळी या मुलीला स्वतःला सापडली. बाईंना आधीपासून दिसत होती, तरी त्या गप्प राहिल्या. शिकवणं म्हणतात ते हेच, असं मला मनापासून वाटतं. फळ्यावर कळीची आकृती काढायला दोन मिनिटं पुरली असती.

(हात पाचोळा बाजूला करतात.)

वरची पानं कोरडी, अख्खी. त्याखालची ओली, काहींची नुसती जाळी उरलेली. पांढरे धागे बुरशीचे. हा वाणी किडा, हात लागताच वेटोळं करून बसलेला. आणखी खाली पान ओळखूच येत नाही. तिथं काळी, भुसभुशीत माती आहे. ओंडका उचलून पाहिला, तसाच हलक्या हातानं परत ठेवला.

वर्गात परतल्यावर पानं वह्यांत चिकटवली गेली, आणि प्रश्नांना तास पुरला नाही.

(फांदीला सैल बांधलेला लाल दोरा.)

हा दोरा त्या मुलीनं बांधलाय. वसंतात ती हीच कळी बघायला येणार आहे.