इंग्रजी जिभेवरचे जपानी शब्द

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस हिरोशिमा हे नाव उच्चारतो, तेव्हा त्याचा जोर कधी ‘शी’वर तर कधी ‘रो’वर पडतो आणि उरलेली अक्षरे आक्रसून जातात. इंग्रजीची घडणच तशी आहे. जपानीत मात्र हि, रो, शि, मा या चारही अक्षरांना सारखाच वेळ मिळतो. आवाजाची पट्टी वरखाली होते, पण त्यासाठी कोणतेही अक्षर लांबत वा आखडत नाही. म्हणून जपानी उच्चार सुधारायचा तर आधी मात्रा मोजायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

मात्रावृत्ते गुणगुणणाऱ्या आपल्या कानाला ही मोजणी परकी नाही. जपानीत दीर्घ स्वराच्या दोन मात्रा होतात, आणि द्वित्तात अडून राहिलेल्या व्यंजनाला किंवा अक्षराअखेरच्या ‘न्’लाही स्वतःची एक मात्रा असते. ‘किते’ म्हणजे ये. ‘त’वर मात्राभर थांबून ‘कित्ते’ म्हटले की ते टपालाचे तिकीट होते.

रोमन लिपीमुळेही घोटाळा होतो. जेम्स कर्टिस हेपबर्न या अमेरिकी मिशनरी डॉक्टरांनी १८६७ साली जपानी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने रूढ झालेल्या लेखनपद्धतीत व्यंजने इंग्रजीप्रमाणे, पण स्वर इटालियनप्रमाणे वाचायचे असतात. हे ठाऊक नसलेला वाचक स्वरही इंग्रजी वळणाने वाचतो आणि कराओकेचे ‘कॅरिओकी’ करतो. त्सुनामीतला पहिला ध्वनी इंग्रजीत शब्दारंभी येत नसल्याने बहुतेक जण ‘सुनामी’ म्हणतात. आपल्याकडे तोच ध्वनी ‘चुना’ आणि ‘चूल’ या शब्दांत रोज उच्चारला जातो.

सर्वांत अवघड जाते ते ‘क्यो’, ‘ब्यो’ यांसारखे जोडाक्षर. इंग्रजी जीभ त्यात ‘इ’ घुसवून त्याची दोन अक्षरे करते. आपल्या वर्तमानपत्रांतले ‘टोकियो’ इंग्रजीच्याच वाटेने आले आहे, जपानी माणूस ‘तोओक्योओ’ म्हणतो. शहराचे नाव तरीही ओळखू येते, पण ‘ब्योओइन’ म्हणजे रुग्णालय आणि ‘बियोओइन’ म्हणजे केशभूषेचे दुकान, तेव्हा आजारी माणसाने वाट विचारताना तो आगंतुक ‘इ’ टाळलाच पाहिजे. बोलण्यापूर्वी बोटांनी मोजून पाहावे: ब्यो, ओ, इ, न् या चार मात्रा; बि, यो, ओ, इ, न् या पाच.