मागचे ब्रेक पॅड आधी संपले? थांबा, आधी चाक उघडून बघा

हे बघा, हे दोन ब्रेक पॅड, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते. थांबा, फोकस होऊ दे. हा जाड आहे, अर्ध्याहून जास्त मटेरियल शिल्लक आहे. आणि हा दुसरा, जवळजवळ पत्र्याला टेकलाय. आता सांगा, हे दोन कुठल्या कुठल्या चाकाचे असतील? बहुतेक जण म्हणतील एक पुढचा एक मागचा. नाही हो. दोन्ही एकाच चाकातले आहेत, मागचं डावं चाक, आतला आणि बाहेरचा.

मागून आवाज येतोय तो ठाण्यातल्या घोडबंदर रोडचा, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

तर झालं असं, सर्व्हिसला गाडी दिली होती, फोन आला की सर मागचे पॅड संपलेत, चारही चाकांचे बदलून टाकू. मी म्हटलं मागचे कसे काय आधी संपले, पुढचे संपतात ना आधी, तर म्हणे आजकाल सगळ्यांचे असंच होतं. आता गंमत अशी की हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच घोळ होतो.

ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, बरोबर? म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकावर जोरात ब्रेक लावला तर ते लॉक होणार आणि गाडीचा मागचा भाग फिरणार. म्हणून साधारण 60 ते 70 टक्के काम पुढच्या ब्रेककडे असतं, पुढच्या डिस्क मोठ्या, पॅडही जाड. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना तर मागे डिस्क नसतेच, ड्रम असतो, त्याचे लायनर, म्हणजे आतले घासणारे पट्टे, खूप वर्षं जातात. त्यामुळे 'पुढचे आधी संपतात' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण चारही चाकांना डिस्क असलेली नवीन गाडी असेल तर हिशोब थोडा बदलतो. ईबीडी नावाची भानगड असते, एबीएसचे, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमचे, जे सेन्सर चाकाचा वेग मोजतात त्यांच्यावरून ती ठरवते की मागच्या चाकाला किती ब्रेक झेपेल, आणि हळू ब्रेकिंगमध्ये मागच्या चाकांकडून जुन्या गाड्यांपेक्षा जास्त काम करून घेते. आता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत आपण दुसरं करतो काय? हळू ब्रेकिंगच. दहा फूट पुढे, ब्रेक, परत दहा फूट. वर ईएससी असेल तर ती वळणावर गाडी घसरायला लागली की स्वतःच एखाद्या चाकाला ब्रेक लावते. आणि मागचे पॅड मुळात पातळ असतात. त्यामुळे मागचे थोडे आधी संपले तर घाबरायचं कारण नाही, सर्व्हिसवाला खोटं बोलत नव्हता.

पण मी जुने पॅड मागून घेतले. हे तुम्ही पण करा, जुना पार्ट तुमचा आहे, पिशवीत घालून द्या म्हणायचं. आणि घरी येऊन बघतो तर हे. उजव्या चाकाचे दोन्ही सारखे, डाव्याचा आतला साफ झिजलेला. पुढे-मागे फरक असेल तर ती गाडीची रचना आणि तुमची चालवायची पद्धत, पण एकाच चाकात आत-बाहेर एवढा फरक किंवा डावी-उजवीकडे फरक, हा फॉल्ट आहे, आणि नुसते नवीन पॅड टाकले तर ते पण तसेच झिजणार.

कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, बहुतेक गाड्यांमध्ये दोन पिनांवर सरकतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर. माझ्याकडे तेच झालं होतं, पिनेवरचं रबरी कव्हर, म्हणजे बूट, फाटलेलं, आत चिखलपाणी, पिन गंजलेली. ठाण्यातला पावसाळा तुम्हाला सांगायला नको. पुढची चाकं जो चिखल उडवतात त्यातला बराच मागे बसतो, आणि मागचे ब्रेक कमी तापतात म्हणून ओलावा पण टिकतो.

दुसरं कारण हँडब्रेक. केबल जाम झाली की सोडला तरी पूर्ण सुटत नाही, पॅड घासत राहतो. आमच्या सोसायटीत जुलैमध्ये गाड्या आठवडाभर हँडब्रेक ओढून उभ्या असतात, मग काढताना टक करून आवाज येतो, तो गंजाने चिकटलेला पॅड सुटल्याचा. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, दोन विटा लावा, बास.

घरी चेक कसं करायचं? नवी मुंबईतल्या पाम बीच रोडसारखा मोकळा रस्ता मिळाला तर चार-पाच किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवा, मग सुरक्षित जागी थांबून रिमजवळ हात न्या. जवळ म्हटलं, डिस्कला लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर तिथे घासतंय. पॅडची जाडी रिमच्या फटीतून टॉर्च मारून दिसते, पण बाहेरच्याच पॅडची, आणि माझा बाहेरचा तर एकदम ठणठणीत होता! म्हणून सर्व्हिसला चाक काढून आतला बघायला सांगायचं. 3 मिलिमीटर राहिलं की बदलायचं, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढं होतं.

आणि हो, पॅड झिजले की ब्रेक ऑइलची लेव्हल आपोआप खाली जाते. कोणी टॉप-अप करू का विचारलं तर आधी पॅड बघा, नाहीतर नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल टाकीतून वर येतं आणि पेंटची वाट लावतं.

माझं पुढे काय झालं, तर पुढचे पॅड मी बदललेच नाहीत, भरपूर शिल्लक होते. बदलायचे ते एका एक्सलचे, डावे-उजवे दोन्ही मिळून, चारही चाकांचे कशाला? ओळखीच्या मेकॅनिककडे दोन्ही मागच्या पिना काढून साफ केल्या, नवीन बूट, सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं आणि पिन परत जाम. दिवाळीनंतर डावं चाक पुन्हा उघडणार आहे, तेव्हा आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड मोजून इथेच दाखवतो.