पावणेतीन वर्षांचा अज्ञातवास

[दृश्य: काळ्या पडद्यावर हळूहळू उजेडात येणारा केसांचा एक टोप. तपकिरी रंग, दोन वेण्या.]

हा टोप नीट बघून ठेवा. साधाच आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात भाड्याने आणतात तसला. याच टोपाखाली अमेरिकेतल्या एका मुलीने जगाला पावणेतीन वर्षं चकवलं. ती उडू शकायची. भिंतीपलीकडचं तिला दिसायचं. बंदुकीची गोळी लागली तर नुकसान व्हायचं ते गोळीचं. आणि एवढं सगळं असताना तिला आज्ञा होती एकच: कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही.

[दृश्य: जुनं, कडा पिवळ्या पडलेलं कॉमिक. कॅमेरा मुखपृष्ठावरून सरकत कोपऱ्यातल्या किमतीवर थांबतो.]

‘ॲक्शन कॉमिक्स’, अंक २५२ वा. मुखपृष्ठावर महिना छापलाय मे १९५९, किंमत दहा सेंट. एक अग्निबाण आदळलाय आणि त्यातून निळा पोशाख, लाल अंगरखा आणि सोनेरी केसांची मुलगी बाहेर झेपावतेय. हीच ती, सुपरगर्ल. समोर उभ्या सुपरमॅनचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. आपल्याला भास होतोय, असंच तो म्हणतो.

मुखपृष्ठ एवढं दणदणीत, पण अंक उघडलात तर आधी दुसरीच गोष्ट लागते, मेटॅलो नावाच्या नव्या खलनायकाची. या मुलीची गोष्ट मागे आहे. आठ पानं फक्त. ही जागा लक्षात ठेवा, कारण पुढची दहा वर्षं तिचा मुक्काम तिथेच असणार आहे.

[दृश्य: चौकटींमागून चौकटी. फुटणारा ग्रह, काचेसारख्या घुमटाखाली अवकाशात तरंगणारं शहर.]

तिचं खरं नाव कारा. कारा झोर-एल. सुपरमॅनची जन्मभूमी असलेल्या क्रिप्टॉन ग्रहाचा स्फोट झाला तेव्हा आर्गो सिटी हे एक शहर आपल्या जमिनीच्या तुकड्यासकट, हवेच्या बुडबुड्यासकट तसंच्या तसं अवकाशात फेकलं गेलं. माणसं वाचली, पण पायाखालची जमीन हळूहळू क्रिप्टोनाइट होऊ लागली. हे त्यांच्यासाठी विष. काराच्या वडिलांनी, झोर-एल यांनी, सगळ्या शहराच्या जमिनीवर शिशाचे पत्रे अंथरले, आणि त्या पत्र्यांवर एक पिढी जगली. कारा जन्मली तीही तिथेच. मग उल्कांचा वर्षाव झाला, पत्र्यांना भोकं पडली आणि खालचं विष वर आलं. वेळ थोडा होता. आईवडिलांनी दुर्बिणीतून पृथ्वी पाहून ठेवली होती, तिथे आपल्यासारखाच एकजण आहे हेही पाहिलं होतं. त्याच्यासारखाच पोशाख शिवून त्यांनी मुलीला अग्निबाणात बसवलं.

आठ पानांत एका शहराचा जन्म, मरण आणि पोरीची पाठवणी. मुलांचं कॉमिक म्हणून सोडून देऊ नका. शिशाच्या पत्र्यांवर संसार मांडलेलं शहर ही कल्पना ज्याला सुचली, तो साधा लेखक नव्हता.

[दृश्य: टंकलेखन यंत्र. कागदावर एकही नाव नाही.]

त्याचं नाव ओटो बाइंडर. चित्रं अल प्लॅस्टिनो यांची. बाइंडर आधी ‘कॅप्टन मार्व्हल’ या दुसऱ्या कंपनीच्या नायकाच्या शेकडो गोष्टी लिहून बसले होते. त्या नायकाची बहीण, मेरी मार्व्हल, १९४२ मध्ये त्यांनीच चित्रकार मार्क स्वेझ यांच्याबरोबर जन्माला घातली होती. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी ‘कॅप्टन मार्व्हल’वर नकलेचा खटला भरला आणि १९५३ मध्ये ती कॉमिक्स बंद पडली. म्हणजे गंमत बघा. ज्यांनी आधीचं दुकान बंद पाडलं, त्यांच्याच दुकानात बसून बाइंडर आता त्यांच्या नायकाला बहीण देत होते. धाकट्या बहिणींचा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच.

प्रकाशकांनीही आधी पाणी जोखून पाहिलं होतं. ऑगस्ट १९५८च्या ‘सुपरमॅन’ अंकात सुपरमॅनचा मित्र जिमी ऑल्सन एका जादूच्या वस्तूकडे वर मागतो आणि एक ‘सुपर-गर्ल’ प्रकट होते. गोष्टीच्या शेवटी ती नाहीशी होते. ती रंगीत तालीम होती. नऊ महिन्यांनी आली ती खरी.

[दृश्य: सुपरमॅन आणि कारा समोरासमोर. तिचा हात त्याच्या हातात.]

आता या गोष्टीतला आपल्याला बोचणारा भाग. सुपरमॅनचे वडील जोर-एल, काराचे वडील झोर-एल, दोघे सख्खे भाऊ. म्हणजे ही त्याच्या काकाची मुलगी. सगळा ग्रह संपलाय, घराणं संपलंय, आणि अचानक रक्ताचं माणूस दारात उभं राहिलंय. आपल्याकडे काय झालं असतं? आधी तुकडा ओवाळून टाकला असता, मग पोटभर जेवू घातलं असतं, आणि शेजारीपाजारी सांगत सुटले असते. कारा साधं विचारते, मी तुझ्याकडे राहू का?

तो म्हणतो, नाही. का, तर तो मेट्रोपोलिसमध्ये क्लार्क केंट नावाने राहतो आणि घरात मुलगी दिसली तर त्याचं गुपित उघडं पडेल. मग तो तिला सोडतो मिडव्हेल नावाच्या गावात, अनाथाश्रमात.

हे वाचताना मला दरवेळी राग येतो. भावाचं अंतःकरण म्हणावं तर आहे, डोळ्यांत पाणीही आहे, पण हिशेब पक्का. पृथ्वीवरच्या चालीरीती शीक, शक्ती ताब्यात ठेवायला शीक, तोवर तू माझं अणीबाणीच्या वेळचं गुप्त अस्त्र. बहीण नव्हे, अस्त्र.

[दृश्य: पुन्हा तोच टोप. आता तो आरशासमोर बसलेल्या मुलीच्या डोक्यावर आहे.]

सोनेरी केसांवर हा टोप चढला आणि कारा झाली लिंडा ली. वाचकांना हे आडनाव ऐकून हसू आलं असेल, कारण सुपरमॅनच्या आयुष्यात ‘ल’ची बाराखडीच होती. लोइस लेन, लाना लँग, लेक्स लूथर, आणि आता लिंडा ली.

महाभारत माहीत असलेल्याला इथे दुसरंच काही आठवतं. अज्ञातवास! विराटाच्या घरी भीम पळी घेऊन आचारी झाला, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करू लागली, आणि गांडीव धनुष्य शमीच्या झाडावर लपवलं गेलं. लिंडाकडेही एक झाड आहे. आश्रमाजवळच्या रानात एक पोकळ खोड, आणि त्यात तिने बनवलेली हुबेहूब लिंडासारखी दिसणारी यंत्रबाहुली. कुठे पूर आला, कुठे विमान कोसळू लागलं की लिंडा झाडाकडे पळते, बाहुलीला बाहेर काढून आश्रमात पाठवते आणि स्वतः उडून जाते. काम उरकलं की बाहुली परत खोडात. कथा लिहिणाऱ्या माणसांनी महाभारत वाचलं होतं का, हा प्रश्न नाहीच. लपायचं म्हटलं की माणसाला झाडच आठवतं.

[दृश्य: आश्रमातली लांबच लांब खोली, ओळीने पलंग. एका कॅमेऱ्याची भिंग चमकते.]

दुसऱ्या महिन्यापासून चित्रांची सूत्रं जिम मूनी यांच्याकडे गेली आणि १९६८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. आज आपण या काळातली सुपरगर्ल म्हणून जो चेहरा ओळखतो, गोल, जरासा चकित, तो मूनींचा.

या पहिल्या गोष्टी वाचायला मजा येते ती एका कारणाने. इतर नायकांच्या गोष्टीत प्रश्न असतो, संकट टळेल का? इथे संकट टळणारच असतं. प्रश्न असतो, कुणी पाहिलं का? पाण्याचा बांध सावरायचा, पण सावरणारी दिसता कामा नये. तिच्या पराक्रमाला साक्षीदार नाही. टाळी नाही. रात्री पलंगावर येऊन पडायचं आणि सकाळी बाकीच्या पोरींबरोबर भांडी घासायची.

आश्रमातल्या डिक विल्सन नावाच्या पोराला मात्र वास लागला. लिंडा आणि आकाशात दिसलेली मुलगी एकच असावी, हा संशय त्याच्या डोक्यातून जाईना, आणि तो पुरावा मिळवण्यासाठी टपून बसला. पुढे त्याला मॅल्व्हर्न कुटुंबाने दत्तक घेतलं, आडनाव बदललं, संशय नाही बदलला. खलनायक अनेक येऊन गेले, पण लिंडाची खरी झोप उडवली ती या चौकस पोराने.

दत्तक जाण्याचा प्रश्न तर त्याहून नाजूक. आश्रमात मूल बघायला जोडपी येतात. लिंडा हुशार, गोड, कुणालाही आवडेल अशी. पण घर मिळालं तर घरातल्यांना कळेल. म्हणून मग ती स्वतःच काहीतरी बिघडवते, नकोशी वाटेल असं वागते. इतर पोरांना घर मिळावं म्हणून मात्र शक्ती वापरते. मुलांच्या मासिकातली ही मुलगी दर महिन्याला स्वतःचं घर हाताने परतवून लावत होती.

[दृश्य: अवकाशातला उजाड खडक. त्यावर एकटी बसलेली आकृती.]

अज्ञातवासात ओळख पटली तर पुन्हा वनवास, ही पांडवांची अट होती ना? अंक २५८ मध्ये तेच घडतं. क्रिप्टो, सुपरमॅनचा कुत्रा, तिला बघतो. कुत्रा! तो कुणाला सांगणार? तरी सुपरमॅन तिला शिक्षा म्हणून दूरच्या लघुग्रहावर धाडतो. नंतर कळतं की ती परीक्षा होती. त्या काळच्या वाचकांनी हे मुकाट मान्य केलं असेल. आज एखादी पंधरा वर्षांची मुलगी वाचेल तर भावाला चांगलं सुनावेल.

[दृश्य: नारिंगी मांजर, अंगावर विजेसारखा पांढरा पट्टा.]

एकटेपणावर संपादक मॉर्ट वाइझिंगर यांच्या चमूने काढलेला उतारा म्हणजे मांजर. फेब्रुवारी १९६०, अंक २६१. लिंडा क्रिप्टोनाइटवर औषध शोधायला जाते, प्रयोग फसतो, वैतागून ती तो खडा खिडकीबाहेर भिरकावते. तो तिच्याच स्ट्रीकी नावाच्या मांजराला सापडतो आणि मांजर उडू लागतं. शक्ती टिकते थोडाच वेळ, मग स्ट्रीकी पुन्हा साधं मांजर. मूनींनी हे मांजर फार प्रेमाने काढलंय. विचार करून बघा, अख्ख्या मिडव्हेलमध्ये तिच्याबरोबर उडू शकणारं एकच, आणि तेही बोलणारं नाही.

ऑगस्ट १९६० मध्ये तिला माणसंही भेटली, पण तिसाव्या शतकातून आलेली. ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ची तीन तरुण मंडळी तिला आपल्यात ये म्हणतात. भविष्यात तिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वर्तमानात शेजारच्या पलंगावरच्या मुलीलाही नाही! नेमक्या परीक्षेच्या वेळी लाल क्रिप्टोनाइटमुळे ती वयाने मोठी होते. सभासद अठराच्या आतला हवा, हा नियम. नाकारली जाते. मे १९६१ मध्ये पुन्हा जाते, तेव्हा घेतात.

[दृश्य: बाटलीत बंद असलेलं चिमुकलं शहर. काचेवर एका मुलीचा चेहरा.]

मग १९६१च्या उन्हाळ्यात सुपरमॅन ठरवतो, आता जगाला सांगायची वेळ झाली. आणि त्याच क्षणी तिच्या सगळ्या शक्ती नाहीशा होतात. करणारी कोण? कँडोर या, क्रिप्टॉनवरच्या आणि आता आक्रसून बाटलीत बंद असलेल्या शहरातली लेस्ला-लार. दिसायला काराची जुळी बहीण शोभावी अशी, बुद्धीने तीक्ष्ण, मत्सराने पेटलेली. लिंडाला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, संपलं, आपण आता साधी मुलगी. आणि साधी मुलगी दत्तक जाऊ शकते. ऑगस्टच्या अंकात फ्रेड आणि एडना डॅनव्हर्स तिला घरी नेतात.

या मालिकेतलं मला सर्वांत आवडलेलं वळण हेच. जोवर ती आकाश पेलू शकत होती, तोवर तिला घर नव्हतं. सगळं गेलं तेव्हा तिला आई मिळाली. शक्ती पुढे परत आल्या, आणि एडनाच्या स्वयंपाकघरात बसून पुन्हा खोटं बोलणं नशिबी आलं.

[दृश्य: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी, वरून कागदाच्या कपट्यांचा पाऊस.]

फेब्रुवारी १९६२. अंक २८५ वा. किंमत आता बारा सेंट. मुखपृष्ठावर मिरवणूक, आणि सुपरमॅन जगाला आपल्या बहिणीची ओळख करून देतोय. डॅनव्हर्स दांपत्यालाही सत्य कळतं. दूरचित्रवाणीवर घोषणा होते, राष्ट्राध्यक्ष केनेडी तिला भेटतात, संयुक्त राष्ट्रसंघात तिचं स्वागत होतं. ३३ महिने लपलेली मुलगी एका अंकात सगळ्या पृथ्वीची झाली.

सगळ्या पृथ्वीला कळलं ते सुपरगर्लचं नाव. लिंडा डॅनव्हर्स हे नाव गुप्तच राहिलं. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पुन्हा तपकिरी टोप. मासिकातही तिची जागा मागचीच राहिली. ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये पुढच्या पानांवर यायला जून १९६९ उजाडला, आणि स्वतःच्या नावाचं मासिक निघालं १९७२ मध्ये.

[दृश्य: अंक २८५च्या गोष्टीचं पहिलं पान. कॅमेरा वरून खाली, कोपऱ्यांतून फिरतो.]

जाता जाता हे पान बघू. जगातली सर्वश्रेष्ठ नायिका, असा मथळा आहे. चित्रं जिम मूनींची. त्यांनी पूर्वी कित्येक वर्षं बॅटमॅन काढला, आणि त्यावर सही छापली जायची बॅटमॅनचे निर्माते म्हणून मिरवणाऱ्या बॉब केन यांची. कथा जेरी सीगल यांची. होय, तेच सीगल. जो शुस्टर यांच्याबरोबर सुपरमॅन निर्माण करणारे. दोघांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला त्याचे हक्क विकले, पुढे हक्कासाठी कोर्टात गेले आणि निर्माते म्हणून छापलं जाणारं नावही गमावून बसले. १९५९ मध्ये सीगल त्याच कंपनीत पानामागे मोबदला घेणारे लेखक म्हणून परतले होते. सुपरमॅनवर दोघांचं नाव पुन्हा छापायला कंपनी तयार झाली ती १९७५च्या अखेरीस.

या पानावर सुपरगर्लचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. गर्दी तेच ओरडतेय. लेखकाचं नाव शोधत कॅमेरा खालच्या कोपऱ्यापर्यंत येतो.

[दृश्य: कोपरा. रिकामा.]